रडलं का लगेच?

फॉर्मवर चौथा प्रश्न तोच असतो.
नाव, वजन, किती महिने भरले होते,
आणि मग, जन्मल्यावर बाळ लगेच रडलं का?
तोवर धडाधड बोलणाऱ्या बायका
या ओळीशी आल्या की पदर नीट करतात.

विडी घरकुलातून आलेली भूदेवी येमुल.
मांडीवर श्रीजा, तीन वर्षांची,
पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले,
अंगठा मुठीत कोंडलेला.
"नाही," ती म्हणते. "नळी घातली, पाठ चोळली,
तळव्यांवर टिचक्या मारल्या.
सासू दाराबाहेरून विचारत होती,
एड्चिंदा? एड्चिंदा?
कुणी उत्तर दिलं नाही."
किती वेळ?
"घड्याळ माझ्या डोक्यामागं होतं, मॅडम."

नवऱ्याला विचारते. तो टॉवेलच्या मागावर असतो,
अक्कलकोट रोडला.
भिंतीपलीकडं उभ्या उभ्या
सवयीनं त्याच्या डोक्यात माग चालू होता.
"अर्धा टॉवेल निघाला असता," तो म्हणतो.
मी मनात हिशेब करते. आठ मिनिटं. नऊ.
मग जरा थांबून,
"आमच्याकडं बाण्याचा एक धागा तुटला
तर माग आपसूक उभा राहतो.
तिथं बाळाचे ठोके उतरत होते, मशीन दाखवत होतं,
आणि सगळं चालूच होतं.
रात्रीचे दोन. भूल देणारे डॉक्टर
होटगी रोडवरून निघाले होते म्हणे."

मी लिहिते : ऑक्सिजन कमी पडला.
रकाना तेवढाच आहे.

सगळीच गप्प जन्मतात असंही नाही.
शमशादचा अरमान वॉर्ड उठवील असा रडला होता.
चौथ्या दिवशी पिवळा पडला.
उन्हात ठेवा, गल्ली म्हणाली,
आणि सोलापुरात उन्हाला काय तोटा?
तळपाय पिवळे झाले तेव्हा रिक्षा शोधली.
निळ्या दिव्याखाली कातडी उजळली,
पण कावीळ आधीच मेंदूत जाऊन बसली होती.
आता कुकरच्या शिट्टीनं तो मान वळवत नाही.

आणि ते एक गुणी बाळ.
आजी अजून कौतुकानं सांगते,
दोन दिवस हूं की चूं नाही, नुसतं झोपून.
पहिला चीक पिळून टाकलेला,
ओठाला मधाचं बोट, बस.
गुणी नव्हतं ते, आजी.
त्याची साखर उतरत होती.
हे मी बोलले नाही. पाणी प्यायले.

भूदेवी अचानक खाली बघून विचारते,
"ग्रहणात मी विड्या वळल्या होत्या, मॅडम.
म्हणून पाय असे वळले का?"

नाही.
नाही गं.
तंबाखूच्या धुळीत बसून वजन कमी भरतं पोराचं,
ते मला ठाऊक आहे,
पण ग्रहणाचं उत्तर देताना ते मधे घालत नाही.
हजार विड्या वळल्याशिवाय
ज्या घरात चूल पेटत नाही
तिथं ती सुट्टी कुठून मागणार होती?

सतरंजी अंथरते. गरम फडकं मांडीला लावते.
श्रीजाचा गुडघा एका हातात, टाच दुसऱ्यात,
हळू, हळू, जिथं अडतं तिथं थांबून,
मग आणखी एक बोटभर.
ती आधी लाल होते. ओठ थरथरतात.
मग असा टाहो फोडते
की खालचा चादरवाला गिऱ्हाईक सोडून वर बघतो.

मी सोडते. भूदेवी उचलत नाही तिला लगेच.
ऐकत बसते.
तिच्या तोंडावर काय आहे ते नीट कळत नाही मला,
हसू म्हणावं तर डोळे भरलेत.
"सासूला फोन लाव," नवऱ्याला म्हणते,
"ऐकव."

पेन हातातच आहे.
चौथ्या प्रश्नापुढं
नाही लिहिलंय, शाई वाळलीय.
मी फॉर्म उलटा ठेवते
आणि दुसऱ्या पायाकडं वळते.